माळ्यावर सापडलेली संगीन कोणत्या देशाची, हे कसे ओळखायचे?

प्रश्न थोडक्यात असा : अचलपूर तालुक्यात कवेलूचे जुने घर पाडताना माळ्यावर दोन संगिनी, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायची पाती, निघाल्या. एक लांब, सुरीसारखी, लाकडी मुठीची. गंजाखाली मुकुट आणि '१९०७' दिसतो. दुसरी तीन कडांची, मागे पोकळ नळी असलेली, नळीवर देवनागरी अक्षरे. तिसरी आखूड आणि तांबूस तपकिरी मुठीची, ती कामठीकडच्या भंगारातून घेतली. या कोणत्या देशांच्या? नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतल्या आहेत का? खऱ्या आहेत का? आणि चकचकीत कशा करायच्या?

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात घाई झाली तर बाकीच्या प्रश्नांना उत्तरच उरत नाही. चकचकीत करू नका. ग्राइंडर, पॉलिश पेपर, विटेचा भुगा, चिंच, लिंबू, संडास धुण्याचे ॲसिड, यातले काहीही पात्याला लावू नका. संगिनीची सारी ओळख पात्याच्या मुठीलगतच्या दोन इंचांत ठोकलेली असते. ते ठसे कागदाच्या जाडीइतकेच खोल असतात. ग्राइंडर एकदा फिरला की देश, कारखाना, साल, पलटण सगळे पुसले जाते आणि हातात नुसते लोखंड उरते. आधी मोजायचे, मग वाचायचे, साफसफाई त्यानंतर.

दुसरी चूक म्हणजे नजर पात्यावर खिळते. पाते फसवते. ते कापले गेलेले असते, शेतात वापरून झिजलेले असते, लोहाराने ठोकून सरळ केलेले असते. संगीन बंदुकीला ज्या टोकाने जोडली जाते, ते टोक मात्र बदलता येत नाही, कारण ते एका ठरावीक बंदुकीच्या मापानेच घडवलेले असते. म्हणून ओळख मागून पुढे करत यायची.

जोडणीचे ढोबळ तीन प्रकार. पहिला पोकळ नळीचा : बंदुकीच्या तोंडावर नळी चढवायची, फिरवायची आणि आडव्या-उभ्या खाचेत अडकवायची. दुसऱ्या प्रकारात आडपट्टीला (पाते आणि मूठ यांमधल्या आडव्या पट्टीला) गोल कडी असते आणि मुठीच्या बुडाला खाच व दाबायचे बटण. तिसऱ्यात कडी नसतेच, फक्त मुठीच्या पाठीत लांब खाच. तुमच्याकडे योगायोगाने तिन्ही आहेत, तेव्हा त्याच क्रमाने न जाता घरातल्या लांब संगिनीपासून सुरू करू.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर हवे. नसेल तर फिटरकडचे ड्रिल बिट वापरा : ज्या बिटचा दांडा कडीत अलगद बसतो आणि हलत नाही, ते कडीचे माप. टेप पट्टीने आतला व्यास मोजू नका, दोन-तीन मिलिमीटरची चूक होते आणि तेवढ्यात देश बदलतो. पात्याची लांबी आडपट्टीपासून टोकापर्यंत, एकूण लांबी टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत, आणि वजन किराणा दुकानातल्या काट्यावर. हे चार आकडे वहीत आधी लिहून काढा.

लांब संगिनीचे पाते १७ इंच म्हणजे ४३ सेंटिमीटर, एकूण लांबी ५५ च्या आसपास, कडीचा आतला व्यास साडेसोळा मिलिमीटर आणि वजन अर्ध्या किलोच्या जरा आत असेल, तर ती ब्रिटिश १९०७ नमुन्याची. शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड रायफलची ही संगीन. या रायफलीत कडी बंदुकीच्या नळीवर बसत नाही, नळीखालच्या एका बोंडावर बसते. म्हणून कडीवरून काडतुसाचा अंदाज बांधायला गेलात तर चुकाल.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते '१९०७' या आकड्याने. ते बनवल्याचे साल नाही, नमुना मंजूर झाल्याचे साल आहे. पहिल्या महायुद्धात बनलेल्या संगिनीवरही १९०७ च असते. खरे साल त्याच्या खाली असते : एक महिना आणि दोन आकडी वर्ष. '१० १६' दिसले तर ऑक्टोबर १९१६. त्याखाली कारखानदाराचे नाव : विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स, रेमिंग्टन अशी नावे सापडतात, ऑस्ट्रेलियातले लिथगोही. वरच्या मुकुटाखालची अक्षरे राजाची : 'व्ही आर' असेल तर व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत, म्हणजे संगीन १९०७ च्या आधीच्या नमुन्याची, 'ई आर' एडवर्ड, १९१० पर्यंत, 'जी आर' जॉर्ज. 'जी आर आय' दिसले आणि खाली 'आर एफ आय' असेल, तर ती बंगालातल्या इशापूरच्या रायफल कारखान्याची. आपल्याकडे या बऱ्याच मिळतात आणि परदेशी नाहीत म्हणून लोक त्यांना कमी लेखतात. माझ्या मते इशापूरची नीट जपलेली संगीन विल्किन्सनच्या घासलेल्या संगिनीपेक्षा केव्हाही जास्त मोलाची आहे. इशापूरने जुनी १७ इंची पाती कापून १२ इंचांची केली, नंतर पन्हळ (पात्यावरची लांब खोलगट चर) नसलेली सपाट पातीही बनवली. म्हणून १२ इंचांचे पाते दिसले की 'कुणीतरी तोडले' असे लगेच म्हणू नका. सरकारी कापणीत टोक सुबक आणि दोन्हीकडून सारखे उतरलेले असते. गावातल्या कापणीत पन्हळ थेट टोकापर्यंत धावत जाऊन अर्धवट तुटलेली दिसते.

पात्याची दुसरी बाजू उलटवून पाहा. तिथे ब्रिटिश सरकारी मालाचे रुंद बाणाचे चिन्ह, मुकुटाखाली तपासनिसाचा आकडा आणि 'एक्स' अशी फुली असते. ही फुली वाकवून पाहण्याच्या चाचणीत पाते पास झाल्याची खूण आहे. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील, तर ती संगीन सरकारने रीतसर सेवेतून काढून विकलेली. ही खूण सापडली तर तिचा फोटो जपून ठेवा, मालकीचा प्रश्न आला की कामी येते. मुठीच्या बुडाजवळ आरपार भोक आहे का, तेही पाहा. माती आणि पाणी निघून जावे म्हणून ते १९१६ च्या सुमारास सुरू झाले. आधीच्या कित्येक संगिनींना नंतर पाडले गेले. भोक नसलेली संगीन विरळा.

आडपट्टीचे खालचे टोक आकड्यासारखे, म्हणजे हुकासारखे, वळलेले असेल तर सावध व्हा. सुरुवातीच्या १९०७ संगिनींना असा आकडा होता आणि १९१३ मध्ये तो बंद झाला. नंतर दुरुस्तीला आलेल्या बहुतेक संगिनींचे आकडे कापून टाकले, त्यामुळे आकडेवाली दुर्मीळ आणि महाग. साहजिकच कापलेल्या आडपट्टीला नवा आकडा वेल्ड करून विकणारे आहेत. खरा आकडा आडपट्टीसह एकाच तुकड्यातून घडवलेला असतो. वेल्डचा सांधा कानशीने घासलेला असतो आणि तिथला गंज शेजारच्या गंजापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो. आणि साल १९१६ असून असा वळलेला आकडा असेल, तर तो खोटा समजा, पुढे काही पाहायचीच गरज नाही.

आकडा म्हटला की जपानी संगीनही आठवायला हवी. जपानची तीस नंबरची संगीन १८९७ ची, ब्रिटिशांनी १९०७ चा नमुना तिच्यावरूनच बेतला. तिचे पाते ४० सेंटिमीटर, कडी ब्रिटिश कडीपेक्षा लहान, आणि पात्यावर शब्द नसून कारखान्याचे छोटे चिन्ह; तोफगोळ्यांची उतरंड दिसली तर ते तोक्यो-कोकुरा घराण्याचे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या सैनिकांच्या पेट्यांतून या घरी आलेल्या असतात.

मुठीच्या लाकडात दोन खोल आडव्या चरा कोरलेल्या असतील तर मात्र ती १९०७ नव्हे. ती १९१३ नमुन्याची, अमेरिकेत बनलेल्या एनफिल्ड रायफलीची. त्या चरा मुद्दाम ठेवल्या होत्या, दोन्ही संगिनींतला फरक कळावा म्हणून; दोघींची पाती सारखी, पण एकीची संगीन दुसरीच्या रायफलीला बसत नाही.

आता तीन कडांची. ही खरी गावाकडची संगीन. सरकी टोबायला, खुंटा गाडायला भोक पाडायला, पऱ्हाटी उकरायला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, म्हणून टोक बहुधा बोथट नाहीतर मुडपलेले सापडते. तिची जात नळीच्या आतल्या व्यासावरून ठरते. सुमारे २५ मिलिमीटर आणि नळीवर फिरणारी कडी नाही, नुसती वळणदार खाच : ही ब्राउन बेस मस्केटची, म्हणजे १८ व्या शतकापासून कंपनीच्या फौजा वापरत होत्या ती. सुमारे २० मिलिमीटर, नळीच्या मध्यावर फिरती कडी आणि १७ इंचांचे पाते : १८५३ च्या एनफिल्ड नमुन्याची; पुढे स्नायडर रायफलीलाही हीच चालली. १८ ते १९ मिलिमीटर आणि पाते २१ इंचांच्याही पुढे : मार्टिनी-हेन्री रायफलीची, १८७६ ची. जुन्या १८५३ च्या नळीत आतून पत्रा बसवून ती मार्टिनीला जुळवलेलीही असते. नळीच्या तोंडाकडे पाहिले तर दोन वर्तुळे एकात एक दिसतात.

भोसल्यांबद्दलचे उत्तर यातच आहे. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. म्हणजे १८५३ नमुन्याची संगीन भोसल्यांच्या फौजेपर्यंत पोचायला वेळच नव्हता. भोसल्यांची इंग्रजांशी झालेली आडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची, गाविलगड पडला १५ डिसेंबर १८०३ ला, सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची. त्या काळाशी नाते सांगायचे तर नळी २५ मिलिमीटरच्या आसपास आणि कडीविना हवी. तशी निघाली तरीही ती कोणत्या बाजूची, हे नुसत्या संगिनीवरून सांगता येत नाही.

मग देवनागरी अक्षरे कसली? आपल्याला ती वाचता येतात म्हणून लगेच आपलीशी वाटतात, आणि तिथेच घोटाळा होतो. नेपाळच्या राणा राजवटीत ब्रिटिश नमुन्यांच्या बंदुका आणि संगिनी मोठ्या संख्येने बनल्या, त्यांच्यावर आकडे आणि अक्षरे देवनागरीतच आहेत. त्या हाताने एकेका बंदुकीला जुळवलेल्या असल्याने नळीचे माप ब्रिटिश मापापेक्षा थोडे इकडेतिकडे होते, पात्याच्या तीन कडाही तितक्या एकसारख्या नसतात. दुसरी शक्यता एखाद्या संस्थानाच्या शस्त्रागाराची : तिथे छन्नीने ठिपके-ठिपके मारून अक्षरे काढत, ठशाने ठोकत नसत. तेव्हा भिंगातून पाहा, अक्षर एका ठोक्याचे आहे की ठिपक्यांचे. आणि मोडी आहे की बाळबोध, हेही पाहा. मोडी निघाली तर जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी, आखूड आणि कडी नसलेली. पाते २५ सेंटिमीटर, एकूण साडेअडतीसच्या आसपास, मूठ बेकेलाइटची आणि मुठीच्या पाठीवर खाचेपुढे पोलादी पट्टी असेल, तर ती जर्मन ८४/९८, माउझर कार्बाइनची. बेकेलाइटची मूठ १९३७ च्या सुमारास आली, त्याआधी लाकडाची. पात्याच्या एका बाजूला कारखान्याचे नाव किंवा तीन अक्षरांचा संकेत, दुसऱ्या बाजूला क्रमांक, आणि साल पात्याच्या पाठीवर किंवा कारखान्याच्या संकेताजवळ. म्यानावरही तोच क्रमांक असायला हवा. दोन्ही क्रमांक जुळणे ही जर्मन संगिनीत सगळ्यात मोठी गोष्ट आहे; भंगारात म्याने आणि पाती वेगवेगळ्या ढिगांत पडतात, म्हणून घेतानाच दोन्ही ढीग धुंडाळावे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन संगिनीच्या पाठीवर मुकुट, खाली राजाचे आद्याक्षर आणि दोन आकडी वर्ष असते : 'डब्ल्यू १५' म्हणजे प्रशियाचा विल्हेल्म, १९१५; 'एल' असेल तर बव्हेरियाचा लुडविग.

बाकी देशांबद्दल थोडक्यात; नावे त्या त्या रायफलींची. पात्याचा छेद इंग्रजी 'टी' सारखा, पितळी बूड आणि पाठीवर वळणदार अक्षरांत कारखाना व साल लिहिलेले : फ्रेंच ग्रा, १८७४ ची. यातले साल खरोखर बनवल्याचेच असते, फ्रेंचांइतके स्वच्छ कुणी लिहून ठेवलेले नाही. संपूर्ण पितळी, वळ्या-वळ्यांची मूठ आणि नागमोडी पाते : फ्रेंच शास्पो, १८६६. चार कडांचा लांब सुळा आणि पांढऱ्या धातूची मूठ : लेबेल, १८८६. चार कडांचाच पण पोकळ नळीचा, टोक पेचकसासारखे चपटे : रशियन मोसिन. चंद्रकोर-तारा आणि अरबी लिपी : तुर्की, मेसोपोटेमियाच्या मोहिमेत आपले सैनिक तुर्कांशीच लढले. आणि धार कडीच्या बाजूला, म्हणजे वर केलेली दिसली तर ती चेक बनावटीची असण्याची शक्यता मोठी.

खोटी ओळखायला एक कसोटी पुरेशी भक्कम आहे : ठसा आणि गंज यांतले आधी कोण? खऱ्या संगिनीत ठसा आधीचा, म्हणून गंजाचे खड्डे ठशाच्या रेघांनाही खातात. खोट्यात पाते ॲसिडने आधी खडबडीत केलेले असते आणि ठसा त्या खड्ड्यांवर ठोकलेला, रेघांच्या कडा ताज्या आणि उंचावलेल्या. दुसरे, कडीच्या आत आणि खाचेच्या कडांवर घासल्याच्या खुणा हव्यात. शोभेच्या वस्तूत खाच अर्धवट खोल असते किंवा बटणामागे स्प्रिंगच नसते.

आता सफाई. पहिल्या दिवशी पात्याला आणि बटणाच्या फटीत रॉकेल किंवा शिवणयंत्राचे तेल लावून चोवीस तास तसेच ठेवा. मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसा. पापुद्र्याचा लाल गंज पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. त्यानंतर अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची पोलादी लोकर तेलात भिजवून हलक्या हाताने. लाल गंज गेला आणि काळपट थर उरला की थांबा. तो काळा थर पात्याचे रक्षण करतो. बटण अडकले असेल तर रोज दोन थेंब तेल आणि लाकडी मोगरीचा हलका ठोका, आठवडा लागला तरी चालेल. हातोडा मारला की स्प्रिंगची दांडी वाकते. मुठीचे स्क्रू उघडू नका. वाकलेले पाते लोहाराच्या भट्टीत तर मुळीच देऊ नका, पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो.

ठसे वाचायला रात्री खोलीत अंधार करून टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा. खडूची पूड चोळून वरची पुसून टाकली की रेघांत पांढरे भरते, फोटो त्यातच काढावा.

लाकडी मुठीला आपल्याकडचेच जवसाचे तेल उत्तम. ब्रिटिश रायफलींच्या लाकडालाही तेच असे. दोन-तीन थेंब, तळहाताने चोळून, दुसऱ्या दिवशी उरलेले पुसून. जास्त लावले तर चिकट राहते आणि धूळ धरते. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते, आपल्या मे महिन्यात तर नक्कीच सांभाळा. ती उघड्यावर सावलीत मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पात्याला मात्र जवस, खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावायचे नाही, ते घट्ट होऊन खाली गंज धरते. तिथे शिवणयंत्राचेच तेल, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. चामड्याच्या म्यानात संगीन ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते आणि त्यातले टॅनिन पोलाद खाते. म्यान आणि पाते सुती कापडात वेगवेगळे गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

कायद्याची बाजू टाळू नका. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत, पाचव्या वर्गात संगिनीचे नाव तलवारीसोबत स्पष्ट लिहिलेले आहे. सरकारने अधिसूचित केलेल्या भागात अशी शस्त्रे बाळगायला परवाना लागतो, म्हणून तुमच्या भागाची स्थिती पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन विचारा. अर्जासोबत मोजमाप आणि फोटो जोडा, पोच घ्या. एसटीत, बाजारात, मिरवणुकीत संगीन नेऊ नका. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. माळ्यावर सापडलेली गोष्ट वेगळी, पण वावरात नांगरताना किंवा धुऱ्यात पुरलेली निघाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अशोकस्तंभाची खूण असलेली, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची संगीन भंगारात दिसली तर घेऊ नका. ती रीतसर बाहेर आली याचा कागद भंगारवाल्याकडे नसतो. आणि सरावाच्या मैदानाजवळून आलेल्या ढिगात संगिनीसोबत गोळ्याचा किंवा बॉम्बचा तुकडा दिसला, तर हात न लावता पोलिसांना फोन.

पुढची खात्री करून घ्यायची तर प्रत्येक संगिनीचे सहा फोटो काढा : पूर्ण लांबी दोन्ही बाजूंनी, मुठीलगतचा चपटा भाग दोन्ही बाजूंनी, पात्याची पाठ, आणि कडी किंवा नळी समोरून. प्रत्येक फोटोत पोलादी पट्टी शेजारी ठेवा. देवनागरी अक्षरांच्या संगिनीचा सातवा फोटो हवा, खडू भरून, टॉर्च डावीकडून एकदा आणि उजवीकडून एकदा धरून. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे; तिथे जाऊन जुन्या बंदुकांची तोंडे नीट पाहून या, नळीचे माप कशासाठी घ्यायचे ते काचेपलीकडूनही लगेच कळेल.